भटकी कुत्री : दया, भीती आणि गणित

डोंबिवलीतल्या एका शाळेत ‘सूक्ष्मजीव आणि आपण’ या विषयावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपले, मुले पांगली, पण पाचवीतला एक मुलगा मागे रेंगाळत राहिला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने पायमोजा खाली केला. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या, एकीवर खपली धरली होती.

“काका, पिल्लू चावलं तरी रेबीज होतो का?”

कधी चावले, असे मी विचारले. चार दिवस झाले होते. घरी सांगितले का? नाही. का नाही?

“आईनं त्याला पोळी घालू नको म्हणून सांगितलं होतं. आणि सोसायटीतल्या काकांना कळलं तर ते त्याला गाडीत घालून पाठवून देतील.”

वर्गशिक्षिकांनी लगेच त्याच्या आईला बोलावून घेतले. त्याच दिवशी लस सुरू झाली. मुलगा ठणठणीत आहे, आणि ते पिल्लूही. पण चार दिवस हा मुलगा गप्प राहिला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एक भीती स्वतःच्या बोलणी खाण्याची, दुसरी कुत्र्याला नेतील याची. त्याच्या सोसायटीत त्या वेळी कुत्र्यांवरून दोन तट पडले होते. मोठ्यांच्या त्या भांडणाने एका मुलाचे तोंड बंद केले, आणि रेबीज हा असा रोग आहे की त्यात तोंड बंद ठेवणे जिवावर बेतू शकते.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, कुठल्याही गृहसंस्थेच्या सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात. एक बाजू म्हणते, “मुलांना खाली खेळायला पाठवायची सोय राहिली नाही, सगळी कुत्री उचलून न्या.” दुसरी म्हणते, “मुक्या जिवांना खाऊ घालणं हा काय गुन्हा आहे?” ‘प्राणिमित्र’ हा शब्द एका बाजूला पदवीसारखा वाटतो, तर दुसऱ्या बाजूला शिवीसारखा. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या आहेत. पण मधल्या मध्ये जे राहून जाते ते म्हणजे रोगाचे ज्ञान आणि थोडी आकडेमोड. ती शिक्षकांनी वर्गात आणावी, यासाठी हा लेख.

पोटातली चौदा इंजेक्शने

आमच्या लहानपणी कुत्रा चावणे म्हणजे ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे समीकरण होते. ती लस मेंढ्यांना रेबीजच्या विषाणूची लागण करून, त्यांच्या मेंदूपासून तयार केली जाई. तिच्यात चेतापेशींचे अंश राहत आणि त्यामुळे काही रुग्णांना लकव्यासारखा गंभीर त्रास होई. भारतात या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता वापरात असलेल्या लशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होतात. त्या दंडात किंवा मांडीत, नाहीतर त्वचेच्या थरात थोड्याच मात्रांमध्ये देतात. माणसाचा त्रास गेला आणि मेंढ्यांचे हालही थांबले. माणसाचे हित आणि प्राण्याचे हित एकमेकांविरुद्धच असते असे नाही, याचे हे एक उदाहरण मुलांना जरूर सांगावे.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो. तो रक्तातून पसरत नाही, तर मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते तीन महिने लागतात. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर चावा असेल तर वाट जवळची असते. लहान मुलांची उंची कमी, म्हणून त्यांना असे चावे अधिक बसतात. विषाणू मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की जवळजवळ खात्रीने मृत्यू येतो. पण त्याआधी लस दिली तर हा रोग तितक्याच खात्रीने टाळता येतो. हाती असलेला वेळ हाच यातला सगळ्यात मोठा उपाय आहे.

भारतीय संशोधकांनी केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष अलीकडेच प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. जुने अंदाज याहून बरेच मोठे, म्हणजे १८ ते २० हजारांचे होते. मृत्यू कमी झाले असतील तर आनंदच आहे. पण टाळता येण्याजोग्या रोगाने रोज पंधरा माणसे जावीत, हे लाजिरवाणे आहे. ज्याचे मूल चावले गेले आहे त्याच्या रागाला ‘क्रूरपणा’ म्हणून झिडकारता येत नाही, ते यामुळेच.

मारून का संपत नाहीत?

“पूर्वी मारत होते तेच बरं होतं,” असे अनेकजण म्हणतात. तेव्हा पूर्वीचा हिशेब पाहू.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या दिवसांत कुत्री मारण्याची मोहीम चाले आणि कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. ६ जून १८३२ ला कोट भागात पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दुकाने बंद झाली. प्राण्यांना कसे वागवावे यावरून आपल्या भागात झालेला हा बहुधा सगळ्यात जुना नोंदलेला दंगा. हत्या मात्र पुढेही चालूच राहिली. मुंबईत विजेचा धक्का देऊन कुत्री मारण्याची पद्धत १९९४ पर्यंत होती. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे हा उपाय करून पाहिला गेला, आणि एवढे करून कुत्रीही उरली आणि रेबीजही उरला.

असे का झाले, हे एका हिशेबाने समजेल. एका वस्तीत १०० कुत्री आहेत असे समजा. त्यांपैकी ४० माद्या वर्षाला एकदा वितात आणि प्रत्येकीला ५ पिल्ले होतात. एकूण पिल्ले २००. ही सारी जगली तर रस्त्यावर चालायला जागा उरणार नाही, पण ती जगत नाहीत. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील रस्त्यावरच्या पिल्लांचा अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार शंभरातली ८१ पिल्ले सात महिन्यांची होण्याआधीच मरतात. आपल्या उदाहरणात म्हणजे २०० पैकी ३८ जगली. वर्षभरात रोगराई आणि वाहनांखाली ३० मोठी कुत्री मेली असे धरू. वर्षअखेर संख्या १०८.

आता १५ कुत्री मारली असे समजा. पंधरा टक्के हा आकडा मुद्दाम घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या मते, जोरदार मोहिमांतही यापेक्षा फारशी अधिक कुत्री हटवता आल्याची नोंद नाही. राहिली ८५ कुत्री. विणाऱ्या माद्या ३४, पिल्ले १७०. पण वस्तीतला कचरा आणि उष्टे-खरकटे तेवढेच आहे आणि खाणारी तोंडे कमी झाली आहेत. अशा वेळी पिल्ले अधिक जगतात. शंभरात १९ ऐवजी ३० जगली तर ५१ नवी कुत्री आली. ८५ मधली २५ नैसर्गिकपणे मेली. हिशेब १११. मारण्यापूर्वी होती त्याहून अधिक! शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतली कुत्री शिरतात ती वेगळीच.

आता मारण्याऐवजी १०० पैकी ७० कुत्र्यांचे निर्बीजीकरण केले असे समजा. विणाऱ्या माद्या उरल्या १२, पिल्ले ६०. शंभरात ३० च्या दराने जगली तरी १८ नवी. जुनी ३० मेली. वर्षअखेर संख्या ८८, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी. जागा मात्र रिकामी होत नाही, तीच ओळखीची कुत्री ती राखतात.

यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, खऱ्या वस्तीत ते बदलतील. मुलांना ते बदलून पाहू द्यावेत. एक गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात येईल. ७० ऐवजी २० कुत्र्यांचेच निर्बीजीकरण केले तर संख्या घटण्याऐवजी वाढते. मानवी उपाय अर्धवट केला तर कुत्र्यांचे हाल टळत नाहीत आणि माणसांचेही. “इतकी वर्षे निर्बीजीकरण चालू आहे, फरक काय पडला?” या तक्रारीत तथ्य आहे. पण पुष्कळदा दोष पद्धतीचा नसतो, तर ती पुरेशा प्रमाणात आणि दरवर्षी न राबवण्याचा असतो.

लसीकरणाचेही असेच गणित आहे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतो. दोन धरले तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांना लस टोचली की साखळी तुटू लागते. पण वर्षभरात लस घेतलेली काही कुत्री मरतात आणि लस न घेतलेली पिल्ले जन्मतात, म्हणून सुरुवातीला ७० टक्क्यांपर्यंत पोचावे लागते आणि दरवर्षी पुन्हा टोचावे लागते.

कोठे जमले?

जयपूरमध्ये १९९४ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत एका संस्थेने ठरावीक भागात सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण केले. तेथील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांना रेबीज होणे थांबले.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगावी फिरून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांनी खाली आले, आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले. या मोहिमेचे तीन पाय होते : कुत्र्यांचे लसीकरण, रोगावर नजर, आणि शाळांमधून शिक्षण. वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत माहिती पोचवली गेली. यातला तिसरा पाय आपला, शिक्षकांचा आहे.

कचरा, कुत्रे आणि बिबट्या

वरच्या हिशेबात एक गोष्ट आपण कायम धरली होती, ती म्हणजे अन्न. कुत्र्यांची संख्या शेवटी अन्नाने ठरते. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर २०२१ मध्ये नवा कचरा टाकणे बंद झाले. पण मटण-चिकनच्या दुकानांमागचे टाकाऊ मांस, मंगल कार्यालयांबाहेरचे उष्टे, रस्त्याच्या कोपऱ्यावर फेकलेल्या पिशव्या यांना क्षेपणभूमी लागत नाही. ज्या सोसायटीत कुत्र्यांविरुद्ध अर्ज लिहिला जातो तिच्याच फाटकाशी ओला कचरा उघडा पडलेला असतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

ठाणेकरांच्या दाराशी या साखळीचा पुढचा दुवाही आहे. येऊरचे जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानुसार या उद्यानातील सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे १,००० चावे टळत असावेत. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीच्या कडेला येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला तेव्हा सारे शहर हादरले होते. प्राणी आपल्यापर्यंत का येतात, याचे उत्तर अनेकदा आपल्याच कचऱ्याच्या डब्यात असते.

भूतदया, कल्याण आणि हक्क

‘प्राणिमित्र’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या भूमिका कोंबतो. त्या वेगळ्या केल्या तर निम्मे भांडण मिटेल.

पहिली भूतदया. ती आपल्या मातीतली आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकतो. तिचा जोर देणाऱ्याच्या मनावर असतो. दुसरी प्राणिकल्याणाची. माणूस प्राण्यांचा उपयोग करणार, पण विनाकारण यातना देऊ नयेत, असे ती म्हणते. मुंबईत १८७४ साली स्थापन झालेली प्राणिक्रौर्यविरोधी संस्था आणि १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा या विचारातून आले. तिसरी भूमिका हक्कांची. प्राणी माणसाच्या उपयोगासाठी नाहीतच, त्यांचे जगणे त्यांचे स्वतःचे आहे, असे ती मानते.

मी प्रयोगशाळेत उंदरांवर काम केले आहे, त्यामुळे तिसरी भूमिका मला पूर्णपणे स्वीकारता येत नाही, आणि झटकूनही टाकता येत नाही. प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्यांच्या वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न १९५९ साली रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी मांडले. आज कोणत्याही प्रयोगाला परवानगी मागताना त्यांची उत्तरे द्यावी लागतात. वैज्ञानिकांना हे प्रश्न सतत विचारत राहण्यात प्राण्यांसाठी लढणाऱ्या चळवळींचा मोठा वाटा आहे. या चळवळींचा राग येतो तेव्हा एवढे आठवावे.

पण या चळवळींनाही एक प्रश्न विचारायला हवा. रोज संध्याकाळी बिस्किटे घालणे ही भूतदया झाली. त्या कुत्रीचे निर्बीजीकरण झाले नाही तर तिची दहातली आठ पिल्ले आजाराने किंवा चाकाखाली मरणार. त्या मरणांना जबाबदार कोण? खाऊ घालणाऱ्याने लस आणि निर्बीजीकरण यांचीही जबाबदारी घेतली, तर दयेला पूर्णत्व येईल.

कायद्याची दिशाही हीच आहे. निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये सुधारले गेले. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यांपासून दूर असावी, असे त्यांत सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडावीत, पण पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हटवून तेथे पुन्हा न सोडण्यास सांगितले. शाळेला कुंपण घालणे आणि डबे खाल्ल्यावर पडणारे उष्टे रोज उचलणे ही कामे त्यामुळे आता मुख्याध्यापकांच्या यादीत आली आहेत.

शाळेत काय करता येईल?

पहिले, ओरखडा असो की चावा, लगेच सांगायचे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. “तुला कोणी रागावणार नाही” हे वाक्य शिक्षकांनी वर्गात मोठ्याने म्हणावे आणि पाळावे.

दुसरे, प्रथमोपचार. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. विषाणूचे बाह्य कवच साबणाने फुटते, म्हणून हा उपाय साधा असला तरी फार मोलाचा आहे. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सगळ्या मात्रा ठरल्या तारखांना पूर्ण कराव्यात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. “कुत्रा दहा दिवस जगतो का ते पाहू, मग लस घेऊ” ही समजूत घातक आहे. कुत्र्यावर लक्ष जरूर ठेवावे, पण लस आधी सुरू करावी.

तिसरे, कुत्र्याची भाषा. खाणारा, झोपलेला किंवा पिल्लांजवळचा कुत्रा यांच्या वाटेला जाऊ नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये.

चौथे, मोजणी. आठवी-नववीच्या मुलांनी मोठ्यांबरोबर, लांबूनच, सलग तीन रविवार सकाळी एकाच रस्त्यावरची कुत्री मोजावीत. नर, मादी, पिल्लू अशी नोंद करावी. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते, तीही नोंदवावी. उघड्या कचऱ्याच्या जागा नकाशावर दाखवाव्यात. शंभरात किती कानांवर खूण आहे, हे काढले की आपला वॉर्ड सत्तरपासून किती दूर आहे ते कळेल. तो तक्ता प्रभाग कार्यालयात आणि सोसायटीच्या सभेत द्यावा.

त्या पाचवीतल्या मुलाच्या शाळेने हे केले. सोसायटीच्या सभेत तक्ता ठेवला तेव्हा दोन्ही तट पहिल्यांदा एकाच कागदाकडे पाहत होते, असे वर्गशिक्षिकांनी मला सांगितले. भांडण मिटले असे नाही. पण ज्या काकांची त्या मुलाला भीती वाटत होती, त्यांनीच पुढे होऊन त्या पिल्लाच्या लशीचा खर्च दिला. आता त्याच्या कानाला खूण आहे.